वाल्याचे स्टड

बूट पाहिला की माणूस कळतो,
हे आमच्या धंद्यातलं जुनं बोलणं.
वाल्देमीर पहिल्यांदा आला
तेव्हा मी तोंडाकडे बघितलंच नाही.
डाव्या बुटाचा अंगठा तळासकट झिजलेला,
उजवा जवळजवळ कोरा.
म्हटलं, डावखुरा आहे. आणि उजव्या गुडघ्याला भितोय.

कॅम्पात, चर्चच्या उतारावर माझी टपरी.
तो स्टुलावर बसून सांगे,
थोडी कोकणी, बाकी हातवारे,
शिव्या तेवढ्या चोख बेळगावी.

पहिली जोडी बापाची सायकल विकून.
पोलंडात दोन हिवाळे, बर्फात चेंडू लाल.
मोठ्या मैदानावर एकदाच, अकरा मिनिटं:
गोल मारला, शर्ट काढून धावत सुटला,
आणि मागं ऑफसाइडचा झेंडा वर.
"थांब म्हणून कुणी सांगितलंच नाही की गा."

मग मडगावचा क्लब, मग गुडघा,
मग चोर्ल्याचा घाट चढून इथं
बारक्या पोरांना शिकवायला.
महिना अठरा हजार आणि एक खोली.

पोरांनी नावाचं केलं वाल्या.
मीच त्याला गोष्ट सांगितली, रांजणांची, खड्यांची.
दोन दिवस फिरकला नाही.
तिसऱ्या दिवशी विचारतो,
"होनगेकर, किती रांजण भरले त्याचे?"
सात, म्हटलं.
बोटं मोजत बसला.
"चुकलेल्या गोलांचे माझे तीन तरी भरतील.
त्या एका पेनल्टीचा अख्खा एक."

परवा आला, तीच जोडी घेऊन.
स्टड काढ म्हणाला, सगळे.
खडेबाजारात घालायचेत, फरशीवर पाय सरकतो.
मी पकड लावली. गंजलेले,
एकेक कुरकुरत निघाला.
अकरा निघाले.
डाव्या अंगठ्याखालचा काही हलेना.
तेल घातलं, ठोकलं, शिवी दिली.
असू दे म्हणाला तो, आणि तसाच घालून गेला.

आता मान खाली असली तरी कळतं मला.
उतारावरून एक पाय मुका येतो,
दुसरा टक्.

अकराही डब्यात ठेवलेत.
अनगोळच्या कावेरी हलगेकरच्या बुटाला दोन लागले,
पैसे घेतले नाहीत.
रविवारी समोर कुणी नसताना
तिनं चेंडू बारच्या वरून नाल्यात घातला.
वाल्या रेषेवर उभा होता.
वाकला, पायाजवळचा खडा उचलला,
आणि पुसून तिच्या हातात दिला.