घशातला क

साडेतीन दिरहमची मेणबत्ती.
साताचा आकडा, निळा, कडेला चांदीची चमचम.
केक पंच्याऐंशीचा, त्याचे पैसे दिले होते,
पावती अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे.
मेणबत्ती बाहीत होती.

"राहून गेली," म्हणाली.
कॅमेऱ्यात मात्र ती आधी इकडेतिकडे बघते.
मला दाखवलं त्यांनी, दोनदा.
रस्ता ओलांडतानाही माणूस असंच बघतो,
मी म्हणालो. हिंदीत म्हणालो. कुणी लिहून घेतलं नाही.

अल नाहदातला पहिला वकील चौदाव्या मजल्यावर.
वकील दिसलेच नाहीत, दिसला त्यांचा बिजूमोन,
काचेचं टेबल, खजूर, अंगठ्याएवढ्या कपात कहवा.
पाच हजार. तीन आधी, दोन सुटल्यावर.
मी मनात भागाकार केला:
पाच हजारांत साताच्या मेणबत्त्या किती?
चौदाशे अठ्ठावीस, आणि वर एक अर्धवट.
कहवा तसाच ठेवून उतरलो.

दुसरा वाजिदभाई, रोल्याला, टायपिंग सेंटरात.
वकील नव्हेच, पण वकिलांहून जास्त अर्ज टंकलेले.
"कबूल करा, माफी मागा, दंड भरा, मामला खल्लास.
माझे दोनशे."
मग अर्जासाठी नाव विचारलं.
सांगितलं, तशी बोटं की-बोर्डवर थांबली.
हसला. शेजारच्याला सांगितलं, तोही हसला.
"भाई, नावातच कबुली आहे की.
चोरी करणारी बाई, अरबीत, सारिका."

सोळा वर्षं मी इथे चिलर दुरुस्त करतो.
पाण्याला माय म्हणतात, पगाराला मआश,
उद्याला बुकरा, आणि तो उद्या कधी येत नाही, हेही येतं.
हे एवढं कुणी शिकवलं नव्हतं.

घरी बोललो नाही.
ती ओट्याशी पाठमोरी, कोकमं भिजत घातलेली.
फुंकर तिकडून मारायची, केक इथे कापायचा,
असं ठरलं होतं निहारशी, फोनवर.
सात आता पोलीस ठाण्यात, झिपच्या पिशवीत.
पोरानं गुहागरहून फुंकर मारली
ती नुसत्या क्रीमवर.

नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं.
रहाटावर साळुंकी ओरडत होती म्हणे त्या सकाळी.
इथेही आहेत. पार्किंगमध्ये,
एसीच्या ठिबकत्या पाण्यात पाय बुडवून,
कुणाच्या व्हिसावर आल्या कोण जाणे.

तिसऱ्या मौझा वकीलबाई, चष्म्याच्या दुकानावर.
लिफ्ट नाही. एक पंखा, तोही मान अडकलेला.
हिंदी मोडकी, दुकानदारांकडून उचललेली.
या वेळी तिलाही नेलं होतं.
बाईंनी पासपोर्ट उघडला. नाव वाचलं.
मी त्यांच्या ओठांकडेच बघत होतो.
हसल्या नाहीत.
वकील मी तेव्हाच ठरवला असणार,
बाराशेचा आकडा नंतर कानावर आला.

मग त्या तिला म्हणाल्या,
"कोर्टात एक शब्द येईल, तुझ्या नावासारखा.
हाक समजून उभी राहू नकोस."
आणि म्हणून दाखवला.
त्यातला क खाली, घशात,
विहिरीत दगड पडावा तसा.
"तुझा क वरचा. हा तुझा नाही."

सारिकानं म्हणून पाहिला.
आणखी खालून, बाई म्हणाल्या. आणखी.
चौथ्यांदा नेमका आला,
आणि त्याच्याच मागोमाग,
माझ्याकडे न बघता, मराठीत,
"घेतली मी."

खालच्या दुकानात कुणीतरी
तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं,
शेवटच्या ओळीशी अडलं होतं.

काय म्हणते, बाईंनी विचारलं.

"माय," मी म्हणालो. "पाणी मागतेय."

त्या स्वतः उठल्या, ग्लास काठोकाठ भरून आणला.
सारिकानं तो हातात धरला थोडा वेळ,
मग सगळा प्यायली.