लाईन चालू आहे

एकतीस वर्षं मी कानाला हेडफोन लावून बसले
घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.
ट्रंक कॉल जोडायचा, तीन मिनिटं झाली
की मध्ये शिरून विचारायचं, वाढवायची का वेळ?
त्या तीन मिनिटांत लोक भांडायचेसुद्धा,
पण आधी म्हणायचे, आवाज येतोय ना, बरे आहात ना.
शिवीलाही तेव्हा पैसे पडायचे,
म्हणून असेल, पारखून द्यायचे.

आता कन्नमवार नगरात, आमच्या इमारतीच्या ग्रुपची मी ॲडमिन.
निवृत्त बाईला वेळच वेळ असतो, असा ठराव झाला
माझ्या गैरहजेरीत.
पाणी किती वाजता, गच्चीची किल्ली कोणाकडे,
एवढ्यासाठी काढलेला ग्रुप.
निवडणूक लागली आणि किल्ली राहिली बाजूला.

तिसऱ्या मजल्यावर हळदणकर, त्यांच्या बरोब्बर खाली वाघधरे.
मध्ये सहा इंचांचा स्लॅब
आणि देशाचा सगळा इतिहास,
दोघांनाही तोंडपाठ,
दोघांचाही वेगळा.

परवा रात्री साडेअकराला हळदणकरांनी लिहिलं,
‘तुमच्यासारख्यांमुळेच देश बुडाला.’
खाली अक्षरं उमटली, वाघधरे टाइप करत आहेत.
थांबले. पुन्हा टाइप करत आहेत.
अकरा मिनिटं.
समोरच्या खिडक्यांत एकेक निळा चेहरा,
सगळी इमारत श्वास धरून.
माझा अंगठा ग्रुपमधून काढायच्या बटणावर.
एक्स्चेंजमध्ये लाईन तोडली तर
रजिस्टरमध्ये कारण लिहावं लागायचं, लाल शाईनं.
इथे काहीच लिहावं लागत नाही,
त्याचीच भीती वाटली.

मग आलं उत्तर:
‘देश बुडायला अजून अवकाश आहे, हळदणकर.
माझी गॅलरी मात्र बुडाली.
तुमचा नळ उघडा राहिलाय.’

वरून पावलांचा आवाज, मग नळाची किरकिर.
‘बंद केला. मत बदललेलं नाही.’
‘माझंही नाही. चादर उद्या वाळेल. झोपा.’

अंधारात कुणीतरी खो खो हसलं,
बहुतेक तळमजल्यावरचा फर्नांडिस,
ज्याला दोघांचंही पटत नाही.

हे सांगताना मला बरं वाटतं. पण विनोदाचं
एवढंच सांगून थांबले तर खोटं होईल.

मागच्या महिन्यात कुमुद भिंगार्डेनं ‘लोकशाही’ लिहिताना
ह गाळला. लोकशाई.
मी लगेच लिहिलं, ही कुठली शाई गं?
बोटाला लावायची का?
सत्तावीस हसरे तोंडवळे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे.
मी मोजले होते.
दहा वाजून सात मिनिटांनी भिंगार्डे ग्रुपमधून बाहेर पडली.
त्या शब्दाखाली तिनं आणखी चार ओळी लिहिल्या होत्या,
नाल्याबद्दल, नगरसेवकाबद्दल.
बरोबर होत्या. कोणी वाचल्या नाहीत.
मीही नंतर वाचल्या, एकटीनं, चष्मा पुसून.

वाघधरेंनी नळावर बोट ठेवलं होतं,
मी माणसावर.
एवढं कळायला मला एक महिना
आणि दुसऱ्याची एक ओली चादर लागली.

काल मतदान झालं. पालिकेच्या शाळेत
ती रांगेत माझ्यापुढे सहा माणसं सोडून होती,
वळली नाही.

संध्याकाळी मी वाटी घेऊन तिच्या दारात गेले.
विरजण संपलंय, म्हणाले. संपलं नव्हतं.
दार साखळीपुरतं उघडलं.
फटीतून आधी तिचं बोट आलं,
नखावर ताजी काळी रेघ.
‘ही घे तुझी शाई.’

हसली का, ते अंधारात दिसलं नाही.
मी सॉरी म्हटलं, तेही जरा वाकडंच निघालं.
मग दोघी गप्प. तीन मिनिटं झाली असतील.
वाढवायची का वेळ, विचारायला
मध्ये कोणी नव्हतं.

दार लोटलं गेलं.
मी वाटी धरून कान देऊन उभी,
आणि आतून साखळी
निघाल्याचा आवाज आला.