पान एकेचाळीस

भांडण एका कान्याचं आहे.

भाग नववा, पान एकेचाळीस.
गढीवरून निसटलेला हेर सुभान
उजाडायच्या आत विहिरीवर येतो.
अंगावर अजून कासारणीचं लुगडं.
घोडीला पाणी पाजतो
आणि म्हणतो
(लेखकानंच लिहिलंय, 'म्हणतो')
"थकले गं, पाखरे."

थकले. थकलो नाही.
जवळ पहारा नाही, किल्लेदार नाही,
फसवायला उरलीय फक्त घोडी.

साखर पेठेत आमचं वाचनालय: एक शटर, दोन बाकडी,
महिना चाळीस रुपये, अनामत वेगळी.
माग बंद असतात त्या संध्याकाळी
अंबादास येमूल येतो, भुवयांवर सुताचा भुगा,
आणि बसायच्या आधीच सुरू करतो:
"खिळे जुळवणाऱ्याची चूक हाय बे ती.
माझाबी धागा चुकतो कधी,
म्हणून चादरीवरच्या मोराचा हत्ती होतो काय?"

इरण्णा बिराजदार, एसटीतून निवृत्त,
सुट्टे पैसे मोजावेत तसे भाग मोजतो.
"पाचव्यात दाढी उतरवली, लिहिलंय.
बाराव्यात फकिराची कफनी विहिरीत टाकली, लिहिलंय.
लुगडं सोडलं, असं बावीस भागांत
एका तरी ओळीत दाखव की."
अंबादास दाखवू शकत नाही.
तो शेंगाचटणीची पुडी उलगडतो.

शमशाद आपा सुपातल्या विड्या मोजतामोजता:
"आधी ठरवा तरी, सोंग कुठलं.
लुगड्याचं, का पगडीचं?"
मग बराच वेळ
बाहेरची रिक्षासुद्धा मोठ्यानं ऐकू येते.

एकदा एक पोरगा फिदीफिदी हसला होता,
काहीतरी बोलला होता, ते इथं लिहीत नाही.
इरण्णानं त्याला डबल बेल दिली:
"सुभानवर बोलायचं तर बस.
नाहीतर उतर."

लेखक वारला. विचारायचं कुणाला?
मी मध्ये पडत नाही, पावत्या फाडते.
पण नवव्या भागाच्या प्रती तीन आहेत, हे मला ठाऊक आहे.
एकीत 'ले'पुढे कुणीतरी निळ्या शाईचा काना मारलाय,
ताठ, दारावर ठोकलेल्या आडण्यासारखा.
दुसरीतही मारला होता.
तो कुणीतरी ब्लेडनं इतका खरवडलाय
की कागद तिथं पातळ झालाय,
दिव्यासमोर धरला तर पलीकडचा उजेड दिसतो.
तिसरी कोरी आहे. ती मी खाली ठेवते.

सुलक्षणा आली तेव्हा हेच चाललं होतं.
कार्ड नंबर तीनशे अठरा.
गड्ड्याच्या जत्रेनंतर ती काउंटरशी उभी राहिली होती,
म्हणाली होती, नाव बदलायचंय.
मी नवं कार्ड केलं. नंबर तोच, अनामत तीच,
थकबाकी सात रुपये, तीही तीच.

आज तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं
जणू तिच्या पर्समध्ये शुद्धिपत्र आहे.
अंबादासनं भुवया झटकल्या. "तुमाला काय वाटतं हो,
सुभानचं?"

"सातवा परत करायलेय अजून," ती म्हणाली.
"पुढचं सांगाल तर बघा."
मग दारातून वळून, जरा हळू:
"घोडी मरत नाही ना?"

कुणी बोललं नाही.
एकोणिसाव्या भागाचं कुणीच बोललं नाही.

तिनं आठवा-नववा जोडीनं मागितला.
माझा हात खाली गेला, कोऱ्या प्रतीकडे.
मग थांबला. मग
मी तिला खरवडलेली दिली.
का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

ती गेल्यावर अंबादास चटणीचं बोट चाटत म्हणाला,
"मी अजूनबी म्हणतो, छापखान्याची चूक.
पण एवढ्या रात्री, एवढ्या लांब,
एकटीच कशी गेली असंल बे ती?"

इरण्णानं मान वर केली.
आपांच्या हातातली विडी थांबली.
कुणी चूक काढली नाही.

मी आठवा, नववा लिहिला रजिस्टरात,
तीनशे अठरा,
आणि शटरचा आकडा शोधू लागले.