कच्चं इतिवृत्त

धर्मादाय आयुक्तांकडे जातं ते गुजरातीत, टाईप करून,
ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक.
हे मराठी माझं. वहीच्या मागच्या पानांवर, पेन्सिलीनं.

सभा दांडिया बाजारात, होमिओपॅथीच्या दुकानावर.
जिना दोरी धरून चढायचा.
विश्वस्त एकूण आठ. दोन न्यूजर्सीला,
एक भिंतीवर, हार अजून ताजा.
कोरम पाचाचा, आले पाचच.

हंसाबेन अमीन, अध्यक्ष. तेहतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं,
आता नको तेव्हा कानातलं यंत्र बंद करतात.
फिरोजकाका भरूचा. सत्त्याण्णवला त्यांनी जीप दिली होती.
जीप भंगारात गेली, तरी दर सभेला येते.
मालिनीताई खानविलकर चहाचा थर्मास आणतात,
आणि मुद्दा चारपर्यंत डोळे मिटून ऐकतात.
छगनभाई वसावा, मगरी पकडून परत नदीत सोडणारे.
मतदानाला ते उजवा हात वर करतात
आणि सगळे पंख्याकडे बघतात,
त्या हाताला साडेतीन बोटं आहेत.

खजिनदार माहुरकर.
यांनी विश्वामित्री पाहिली ती कालाघोड्याच्या पुलावरून,
स्कूटरवर, उजवीकडे न बघता.
मगर आजवर पाहिली नाही. पावत्या पाहिल्या.
एकदा सुतळीच्या सोळा रुपयांसाठी
त्यांनी छगनभाईंना महिनाभर ताटकळत ठेवलं.

मुद्दा पाच: देणगी. रक्कम रुपये अकरा लाख.
देणाऱ्याची अट काहीच नाही,
फक्त समाच्या बाजूचा काठ, तीनशे मीटर,
दगडानं बांधून काढायचाय, शोभेसाठी.
आपली ना-हरकत हवी. एक ओळ पुरे.

बँकेत शिल्लक एकेचाळीस हजार दोनशे सहा.
वीजबिल दोन महिन्यांचं थकलेलं.
फिरोजकाका म्हणाले, घ्या ने, बावा, नदी काय पळून जाते?
मालिनीताईंनी डोळे उघडून हात वर केला.
हंसाबेन विरोधात. छगनभाई विरोधात.
मी पंख्याकडे पाहिलं.

उरले माहुरकर. त्यांचं मत सगळ्यांना ठाऊक होतं,
मी 'मंजूर'चा 'मं' काढूनही ठेवला होता.

त्यांनी खतावणी उघडली. थुंकी लावून पानं उलटली.
"राखण, एप्रिल ते जून, कालिदास परमार,
आठ हजार चारशे. गेल्या साली तेवढेच.
त्याआधी सात हजार. ही घरटी कुठली?"
"तीच," हंसाबेन म्हणाल्या, "त्याच काठावरची."
"सात वर्षं मी याच्यावर सह्या केल्यात."
"हो."
"मग ती मालमत्ता आपणच दगडाखाली घालायची?
आणि ऑडिटरला मी काय सांगू? चुकून खर्च केला?"

कुणी हसलं नाही. हसायचं होतं का, तेही कळलं नाही.
मी 'मं'च्या आधी 'ना' लिहिलं. जागा कमी होती.

तेवढ्यात छगनभाईंचा फोन. कारेलीबागेत
कुठल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मारुतीखाली, पाच फुटी.
ते सुतळी घेऊन निघाले.
फिरोजकाका म्हणाले, जीप असती तर.
उरलो चार आणि मी, मी मोजायची नाही.
मुद्दे सहा ते नऊ, वीजबिलासह, पुढच्या सभेला.
आभारप्रदर्शनही राहिलं. कोरम नव्हता.

जिन्यात अंधार. माहुरकर पुढे, दोरी घट्ट धरून.
मध्यावर थांबले. मागे न वळता विचारलं,
"घरटं दिसतं कसं?"

मी म्हटलं, दिसत नाही काही.
नुसती माती. थोडी उकरल्यासारखी,
कुणी काही पुरून विसरून गेल्यासारखी.

"असं," ते म्हणाले.
एक पायरी उतरले.
"म्हणजे फोटो जोडला तरी उपयोग नाही."

खाली शेव-उसळीच्या गाडीवाल्यानं दिवा लावला होता.
त्यांनी स्कूटर काढली, किक तीनदा मारली,
आणि रावपुऱ्याकडे, घराकडे, न वळता
पुलाच्या दिशेनं गेले.

हे टाईप करायचं नाही.