सातवा रॅक

पूर्वी मी थेट तिकडेच टाइप करायचे.
एक अक्षर दाबलं की ते आधी सिंगापूरला जायचं,
तिथल्या दरवानाला ओळख पटवायचं,
मग महाप्याला पोचून
माझ्या पडद्यावर परत उमटायचं.
चुकलेय हे मला तीन अक्षरं पुढे गेल्यावर कळायचं.
खरं तर ती इमारत
माझ्या घणसोलीच्या गॅलरीपासून रिक्षानं वीस मिनिटं.

आता फाइल इकडे उघडते.
माझ्याच एडिटरात, मोठ्या अक्षरांत,
चष्म्याचा नंबर वाढलाय, अजून कुणाला सांगितलेलं नाही.
शेजारणीच्या घरच्या जेवणावळीचा स्वयंपाक
आपल्या ओट्यावर करावा,
विळी आपली, परात आपली,
मीठ कुठल्या डब्यात ते हाताला ठाऊक,
तसं.
सेव्ह केलं की मागच्या मागे तिकडे पोचतं सगळं.
मी चहा गाळून घेते.

मंगळवारी रात्री कनेक्शन तुटलं.
एडिटरला पत्ताच नाही.
तो मला लिहू देत राहिला,
चाळीस ओळी,
एकीखालीही लाल रेघ नाही.
तिकडची फाइल संध्याकाळची, इकडची आत्ताची,
आणि मशीन आहे की गेलं हे विचारायला
पावणेदोनला एकच नंबर.

चिंतामण म्हात्रे, रात्रपाळी.
आधी चपलांचा आवाज, मग जाड दार,
मग नुसता पंख्यांचा घोंगाट.
"जित्ता हाय मॅडम तुमचा मशीन. हिरवा दिवा हाय.
तुमच्याकडची वायर बघा."
मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत,
इतक्या लांबून काही कळत नाही.
"लांब?"
तो हसला असावा, पंख्यांत नीट ऐकू आलं नाही.
"ह्या रॅकाखाली आमचा शेत व्हता.
तुमचा सातवा ना? तितं बांध.
पलीकडं चुलत्याचा."

यावर काय बोलायचं असतं, मला सुचलं नाही.
वायर काढून पुन्हा खोचली.
एडिटरनं विचारलं,
तिकडची ठेवू की इकडची?
मी दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या
आणि एकेक ओळ ताडत बसले.
तेविसाव्या ओळीपर्यंत दोघींचं एकमत होतं.

फोन ठेवायचा राहिलाच होता.
तिकडे तो कुणाला तरी विचारत होता,
डबा आणलास का.