चाकं जमिनीवर असताना

सिंपांग पुलाईहून वर चढणाऱ्या रस्त्यावर
माझी प्रोटॉन जरा उशिरा वळते.
म्हणजे मी स्टिअरिंग फिरवते, नाक ऐकतं,
आणि मागची सीट, डिकी, डिकीतली स्टेपनी,
ही सगळी मंडळी
निरोप उशिरा मिळाल्यासारखी मागाहून येतात.

गाडी सत्त्याण्णव सालची.
दर सोमवारी सहाला इपोह सोडते,
आठला कामपुंग राजाचा दवाखाना,
आणि दिवसभर दुसऱ्यांच्या पाठी.

भाऊ म्हणाला, बार बसव.
पुढे एक, मागे एक, पोटाखाली दोन.
लाल घे. बॉनेट उघडलंस की लोक बघत राहतील.
बॉनेट उघडून लोकांना मी काय दाखवणार,
तेलाची काठी?

तरी नऊशे रिंगिट पाकिटात घालून गेले.
याप अंकलच्या भिंतीवर बार टांगलेले,
खाटकाकडच्या बरगड्यांसारखे.
अ‍ॅल्युमिनियमचा एक उचलला, हलका, आरशासारखा.
अंकल म्हणाले, याला मध्येच सांधा आहे.
ज्याला स्वतःलाच सांधा
तो दुसऱ्याला काय धरून ठेवणार?
हा लग्नात घालायचा.

मग त्यांनी डाव्या कोपऱ्याखाली जॅक लावला,
चाक वीतभर उचललं.
दार लाव म्हणाले.
लागेना. बोटभर वर अडलं,
सव्वीस वर्षं निमूट लागणारं दार.
"दार आहे तिथंच आहे," अंकल म्हणाले,
"चौकट वाकडी झालीय."

मी गप्प. मला हे ठाऊक असायला हवं होतं.
चहाच्या मळ्यातली वळ्ळियम्मै दर महिन्याला
कमरेचा नवा पट्टा मागते,
आधीच्यापेक्षा रुंद, आधीच्यापेक्षा घट्ट,
आणि मी दर महिन्याला तेच सांगते:
पट्टा सगळं काम करायला लागला
की पाठ काम विसरते.

अंकल गाडीखालीच होते.
खालून फक्त आवाज येत होता, आणि चपला दिसत होत्या.
आर्मचे रबर गेलेत. आधी ते.
पुढचा बार घे, पोलादी, एकसंध, रंग कुठलाही.
मागचा आत्ता नको.
मागचं फार ताठ केलंस तर पावसात
शेपूट तुझ्याआधी घरी पोचेल.
आधी एक लाव, महिनाभर चालव,
मग गाडी स्वतः सांगेल.
आणि सांगितलं नाही तर?
तर पैसे वाचले.

मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणायला छान वाटतं.
पण जे मुळीच वाकत नाही
ते वेल्डिंगपाशी तडकतं,
हे अंकलनी बोटाने दाखवलं,
दुसऱ्याच कुणाच्या गाडीत.
तिथं चार बार होते. चारही लाल.

बोल्ट त्यांनी नुसते हाताने फिरवून सोडले.
जॅक काढला. गाडी खाली बसली,
स्वतःच्या वजनावर जराशी कण्हली,
आणि मगच त्यांनी पाना घेतला.
"हवेत लटकलेली असताना आवळलं
तर लटकणंच कायम होतं."

सोमवारी, धबधब्यानंतरच्या त्या लांब डाव्या वळणावर,
मी वळले आणि गाडी वळली.
एवढंच. सांगण्यासारखं काही नाही.
डॅशबोर्डची कुरकुर, सात वर्षांची सोबतीण, थांबली होती
आणि त्या जागी रस्त्यातला प्रत्येक खडा
सरळ तळहाताला येऊन भेटत होता.
मागच्या दारात कुठंतरी टक् असा आवाज.
तो आधीही असेल.

वळ्ळियम्मै बाकावर बसलेली,
नवा पट्टा पिशवीत, किमतीची चिठ्ठी तशीच.
बसल्या बसल्याच बांध म्हणाली, घाई आहे, ट्रक निघेल.
मी पट्टा हातात घेतला.
म्हटलं, आधी उभी राहा.
दोन्ही पायांवर.
मग बघू.