एकास बारा

सव्वातीस इंच, ती म्हणाली.
मी कानावरची पेन्सिल काढली.
टेबल साडेअठ्ठावीसचं. सगळ्यांचं तेच,
रे रोडच्या वखारीतून एकदम घेतलेलं लाकूड,
एकदम कापलेले पाय.

खैरनार मॅडमचे गुडघे ड्रॉवरला आपटायचे.
अठरा महिने ती खुर्ची तिरकी लावून
विम्याचे क्लेम पास करत होती,
एक कोपर टेबलावर, एक हवेत.
मला कुणी बोलावलं नव्हतं.
बोलावणं फाइलमधून येतं
आणि फाइल तिसऱ्या मजल्यावर असते.

सागाचे चार ठोकळे, पावणेदोन इंची.
वीस मिनिटांचं काम.
बिलात वीस मिनिटं लिहिताना
हात जड झाला.

मग दारातल्या पायऱ्या.
बेलार्ड इस्टेटची इमारत, मालाडचा दगड,
दोन पायऱ्या, मिळून एक फूट.
तिथं रोज दोघं जण तिला उचलायचे, खुर्चीसकट,
एक जण रजेवर असला की तिसऱ्याला हाका.
मी चार फुटांची फळी टाकली. झाला उतार, म्हटलं.

ती फळीकडे बघत राहिली.
मग शेजारच्या बाकावर सरकली
आणि म्हणाली, मेस्त्री, बसा.
बसलो. चाकं धरली. रेटलं.
अर्ध्यावर हात सुटले.
मागे केदारी वॉचमन होता, म्हणून डोकं राहिलं.
ती हसली नाही.
एकास बारा, म्हणाली.
एक इंच चढ, बारा इंच चाल.

म्हणजे बारा फूट.
चाळीस वर्षं गुण्या हातात धरून
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि बारा फूट आणायचे कुठून ह्या शहरात,
जिथं माणसाची खोलीच दहा बाय बारा?
दारापासून मोजलं तर बाराव्या फुटावर
डेप्युटी साहेबांची गाडी.
चार महिने ती गाडी हलली नाही.
पत्रं गेली, पत्रांची उत्तरं गेली.
वारसावाले आले, दगडाला हात लावायचा नाही म्हणाले.
लावत नाही, मी म्हटलं, नुसता टेकवतो.

शेवटी साहेबांची नागपूरला बदली झाली.
नवे साहेब टॅक्सीनं येतात.
कधी कधी न्याय असाही येतो.
मी एका रात्रीत उतार उभा केला,
दुसऱ्या कुणाची गाडी लागायच्या आत.

वाटलं, सुटलो.
मग एक दिवस तिच्या टेबलावरची बाटली दिसली.
सकाळी भरलेली. संध्याकाळी पाचला
तेवढीच भरलेली.
विचारायचं कसं, बाईमाणूस.
मिस्किटाबाईंनी सांगितलं,
ज्यांच्यासाठी मी जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी मारली होती.
अरे, संडासाचं दार आत उघडतं ना.

आत उघडतं.
खुर्ची आत गेली की दार लागत नाही.
अठरा आणि चार, बावीस महिने
घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत
ती तहान दाबून बसत होती,
आणि आम्ही तिला म्हणायचो,
मॅडम, तुम्ही जागेवरून उठतच नाही हो.

बिजागऱ्या उलट्या केल्या. दार बाहेर काढलं.
भिंतीला दांडी मारली, दीड इंची पाइप,
माझ्या ऐंशी किलोंनी लोंबकळून बघितली.
कडी खाली घेतली.
नारळ फोडूया म्हणाला केदारी.
संडासाच्या दाराला कसला नारळ.

परवा साडेबाराला तिच्या टेबलाशी गेलो,
ठोकळे हलत नाहीत ना, बघायला.
बाटली रिकामी.
द्या, भरून आणतो, म्हटलं.
माझी मी आणते, ती म्हणाली,
आणि बाटली मांडीवर घेऊन वळली.

तेव्हा मला पाण्याचा नळ दिसला.
भिंतीत, त्रेपन्न इंचांवर.
आठ वर्षांपूर्वी मीच ठोकलेला,
माझ्या खांद्याच्या मापानं.